शाळेत मनाच्या आरोग्याचा तास लावायचाय. प्रत्यक्षात काय चालतं? (मराठवाड्यातल्या शिक्षक-पालकांसाठी)

घाटावरची | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात एका जिल्हा परिषद प्रशालेत मी आठवी ते दहावीला मराठी आणि इतिहास शिकवते. गटसाधन केंद्रातून पत्र आलं की प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक, शक्यतो एक बाई नि एक पुरुष, आरोग्य दूत म्हणून द्या. मुख्याध्यापकांनी माझं नाव लिहून दिलं आणि मोकळे झाले. आयुष्मान भारतखालचा शालेय आरोग्य कार्यक्रम आहे हा, २०२० मध्ये सुरू झालेला. एकूण ११ विषय, आठवड्याला एक तास. त्यात आहार आहे, व्यसन आहे, इंटरनेटवरची सुरक्षितता आहे आणि भावनिक स्वास्थ्य व मानसिक आरोग्यही आहे.

प्रशिक्षण झालं. पीपीटी झाली, चहा-बिस्किटं झाली, हजेरीपटावर सह्या झाल्या. वर्गात उभं राहून नेमकं काय करायचं, ते मात्र तिथं कोणी सांगितलं नाही.

आमची शाळा कशी आहे ते सांगते, म्हणजे सल्ला देताना सोपं जाईल. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त पालक कोयता घेऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला जातात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडं, कोणी कर्नाटकात. परत येतात ते मार्च-एप्रिलला. लहानग्यांना हंगामी वसतिगृहाचा आधार आहे. नववी-दहावीची पोरं आजी-आजोबांपाशी राहतात, म्हणजे खरं तर आजी-आजोबा त्यांच्यापाशी राहतात. पाणी, जनावरं, धाकटी भावंडं, सगळं त्यांच्याच अंगावर. नववीतल्या एका पोराचं रोज तिसऱ्या तासाला डोकं दुखायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासून गेलं. डोळे ठीक, रक्त ठीक. आई-बाप टोळीबरोबर गेले की दुखणं सुरू होतं आणि ते आले की थांबतं, हे कुणी कागदावर लिहिलेलं नाही.

अशा पोराला मी "ताणतणावाचे व्यवस्थापन" असं फळ्यावर लिहून शिकवू का?

तर विचारायचंय ते असं. ज्यांनी शाळेत असं काही राबवलंय किंवा ज्यांच्या लेकरांनी अनुभवलंय त्यांनी सांगा. व्याख्यान, पोस्टर आणि जागतिक मानसिक आरोग्य दिनाची रांगोळी सोडून बाकी काहीही चालेल.

---

टपोरा_मोगरा | रविवार, रात्री ९:३०

रुमाल टाकून ठेवते. दोन लेकरं आहेत, माझाही प्रश्न हाच आहे.

---

जुना_वाघ | रविवार, रात्री १०:०५

हे सगळं शहरी फॅड आहे. आमच्या वेळी गुरुजी छडीनं हात लाल करायचे, घरी सांगितलं तर बाप वर दोन ठेवायचा. आम्ही काय वेडे झालो? दुष्काळ बघितला, ७२ चा बघितला. पोरांना कामाला लावा, आपोआप बरी होतात.

---

गंजगोलाई | रविवार, रात्री ११:२०

@जुना_वाघ, काका, कामाला लावायचं म्हणता तर आमच्या लातुरात या. इथं पोरं पहाटे पाचला उठून रात्री अकरापर्यंत कामालाच असतात, फक्त कामाचं नाव नीट आहे.

घाटावरची ताई, तुमच्या धाग्यात एक गोष्ट सुटू नये म्हणून लिहिते. तुम्ही शाळेबद्दल बोलताय. आमच्याकडं अकरावी-बारावीच्या पोरांना शाळाच नाही. प्रवेश कुठल्या तरी आडगावच्या ज्युनिअर कॉलेजात, तिथं फक्त प्रॅक्टिकलला तोंड दाखवायचं. मूल राहतं ट्यूशन एरियात कॉटवर. मेसचा डबा, अभ्यासिकेत भाड्यानं घेतलेली खुर्ची आणि दर रविवारी टेस्ट. सतरा वर्षांच्या पोराचं तोंड रोज बघणारं एकही मोठं माणूस नाही, मेसवाल्या मावशी सोडून. तुमचा आठवड्याचा तास या पोरांपर्यंत पोचणार कसा?

माझा मुलगा रिपीटर आहे, म्हणजे प्रवेश परीक्षेला पुन्हा बसणारा. त्याच्या क्लासमध्ये टेस्ट झाली की मार्कांप्रमाणं बॅच बदलते. वरच्या बॅचमधून खाली आलेल्या पोराला नव्या वर्गात शिरताना पाठीमागचे टाळ्या वाजवतात. मास्तरांना ठाऊक आहे. "मोटिव्हेशन आहे हो ते," म्हणाले.

सुप्रीम कोर्टानं २५ जुलै २०२५ ला निकाल दिला, सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश. त्यात शाळा, कॉलेजं, क्लासेस आणि होस्टेल सगळ्यांना लागू होतील अशा सूचना आहेत. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर निदान एक पात्र समुपदेशक हवा. त्याहून कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. मार्कांवरून बॅचेस पाडायच्या नाहीत, चारचौघात पाणउतारा करायचा नाही, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं. मी तो निकाल छापून क्लासच्या ऑफिसात नेला. रिसेप्शनवरच्या पोरीनं फार आदरानं घेतला आणि फाइलला लावला. बॅचेस तशाच आहेत.

---

ओपीडी_नंबर_सात | सोमवार, दुपारी १:४०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, तुकड्या-तुकड्यांत येईल. मराठवाड्यातल्याच एका जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागात समाजसेवक आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली आम्ही शाळांत जातो. खरं सांगायचं तर आम्ही जे करतो त्यातलं बरंचसं म्हणजे ताईंना नको असलेलं व्याख्यानच असतं. अर्धा दिवस, चारशे पोरं पटांगणात, माइक खरखरतोय. मागच्या रांगेतल्या पोराला नेमकं काय ऐकू गेलं देव जाणे.

आधी जुना_वाघ यांच्यासाठी. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयोगटात सुमारे ७.३ टक्के मुलांना उपचार लागावा असा मानसिक त्रास आढळला. साठच्या वर्गात चार. ही चार पोरं तुमच्या वेळच्या वर्गातही होतीच. तुमच्याबरोबर शाळेत असलेले आणि मधेच नाहीसे झालेले आठवून बघा. आणि नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, राज्यांत महाराष्ट्र पहिला. याला फॅड म्हणता येत नाही.

आता काय चालतं ते. यावर तीन मोठे अभ्यास मला माहीत आहेत आणि तिघांचा रोख मला एकाच दिशेचा वाटतो.

पहिला आपल्याच देशातला. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 'सेहेर' नावाचा कार्यक्रम झाला, गोव्याच्या 'संगत' संस्थेनं केला. ७४ सरकारी माध्यमिक शाळा, नववीची पोरं. शाळांचे तीन गट पाडले. एका गटात गावातलाच पदवीधर माणूस शिकवून शाळेत नेमला, त्याला 'सेहेर मित्र' म्हणायचे. तो डॉक्टर नाही, मानसतज्ज्ञही नाही. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतल्या एका शिक्षकाकडं दिलं. तिसऱ्या गटात नेहमीचं जे चालू होतं तेवढंच. कामं म्हणजे परिपाठात बोलणं, भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, वर्गात गटचर्चा आणि ज्याला गरज त्याच्याशी एकट्यानं बोलणं. आठ महिन्यांनी बघितलं तर मित्र असलेल्या शाळांत शाळेचं वातावरण सुधारलं, पोरांमधलं नैराश्य कमी झालं, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या. 'लॅन्सेट'मध्ये २०१८ ला छापून आलंय. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत मात्र काहीच फरक पडला नाही.

दुसरा युरोपातला, दहा देश, ११ हजारांहून जास्त विद्यार्थी, २०१५ चा. त्यात शिक्षकांना "धोक्याची चिन्हं ओळखा" असं शिकवलेल्या शाळांत फारसा उपयोग दिसला नाही. जिथं बाहेरून आलेल्या माणसानं पोरांशी चार आठवड्यांत मिळून पाच तास संवाद केला, नाटुकल्या करून घेतल्या, तिथं वर्षभरानं आत्महत्येचे प्रयत्न जवळपास निम्म्यावर आलेले होते.

तिसरा इंग्लंडचा, २०२२. तिथं शिक्षकांनीच वर्गात ध्यान, म्हणजे ज्याला माइंडफुलनेस म्हणतात ते, आठ हजारांवर मुलांना शिकवलं. नेहमीच्या पद्धतीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. बऱ्याच पोरांनी घरी सरावच केला नाही. आपल्याकडं सध्या दर शाळेत डोळे मिटून बसवायची टूम निघालीय, म्हणून मुद्दाम लिहिलं.

ओपीडी सुरू झाली. उरलेलं रात्री.

---

घाटावरची | सोमवार, सायंकाळी ६:५५

@ओपीडी_नंबर_सात, फार उपयोगी. पण वाचून थोडी खट्टू झाले हे कबूल. म्हणजे दोन शिक्षक नेमायची योजना ज्या पायावर उभी आहे तोच कच्चा निघाला की.

विचार केल्यावर वाटतं, त्यात नवल नाही. पोरगं माझ्याकडं बघतं तेव्हा त्याला घटक चाचणीचे मार्क दिसतात. मी त्याच्या काकाला ओळखते, सरपंचाला ओळखते, शाळा व्यवस्थापन समितीत त्याची चुलती बसते. मला सांगितलेलं गावात जाणार नाही याची खात्री त्याला कोण देणार? वेळेचं तर विचारूच नका. युडायसच्या नोंदी, आधार जुळवणी, मतदार यादी, पोषण आहाराचा हिशोब. मी मराठीची बाई आहे हे कधी कधी माझंच मला आठवून द्यावं लागतं.

पण मग त्या माझ्या डोकं दुखणाऱ्या पोराचं काय? बिहारचा मित्र तर इथं येणार नाही.

---

पाटी_पेन्सिल | सोमवार, रात्री ८:१०

धाराशिवहून. आमचा जिल्हा आकांक्षित, म्हणजे मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत असल्यानं हा शालेय आरोग्याचा कार्यक्रम आमच्याकडं लवकर आला. अनुभव संमिश्र. तासाला नाव काय देता त्यावर बरंच अवलंबून आहे. आम्ही वेळापत्रकात "मानसिक आरोग्य" लिहिलं, तर दुसऱ्याच दिवशी एक पालक दारात, "आमच्या पोरीला काय झालंय म्हणून तिला त्या तासाला बसवलं?" नंतर नुसतं "गप्पांचा तास" केलं. तक्रार बंद.

---

सेवानिवृत्त_केंद्रप्रमुख | सोमवार, रात्री ९:००

बिहारला कशाला जाता? आपल्या बीड जिल्ह्यात २००९ साली ५०० जिल्हा परिषद शाळांत 'मूल्यवर्धन' सुरू झालं होतं. शांतिलाल मुथ्था यांच्या फाउंडेशनचा कार्यक्रम. नंतर राज्यभर गेला. मी तेव्हा केंद्रप्रमुख होतो, तीसेक शाळा माझ्याकडं होत्या.

त्याचं नाव मूल्यशिक्षण असलं तरी वर्गात जे घडायचं ते या धाग्याच्या विषयाच्या फार जवळचं होतं. जोड्या करून बोलायचं, गोलात बसायचं, प्रत्येकाची पाळी येईपर्यंत थांबायचं, दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं. सुरुवातीला शिक्षक वैतागले. बाकं हलवायची कोण, आवाज होतो, शेजारच्या वर्गाला त्रास होतो. पण काही महिन्यांनी मी भेटीला जायचो तेव्हा एरवी दारामागं लपणारी पोरं पुढं येऊन नाव सांगायची. आकडा माझ्याकडं नाही, डोळ्यानं बघितलेलं सांगतो.

ओपीडीवाल्यांचा अभ्यास मी नाकारत नाही. पण शिक्षकाला अगदीच मोडीत काढू नका. एकट्या पोराचं दुखणं काढून घेणं शिक्षकाला जमणार नाही, मान्य. वर्ग असा ठेवणं की तिथं कुणाची टर उडवली जाणार नाही, हे मात्र शिक्षकाशिवाय कुणालाच जमणार नाही. ही दोन कामं वेगळी आहेत आणि सरकारी पत्रात ती नेहमी एकाच ओळीत येतात.

---

ओपीडी_नंबर_सात | सोमवार, रात्री १०:३०

@सेवानिवृत्त_केंद्रप्रमुख, शंभर टक्के सहमत. दुपारी घाईत मी हे नीट मांडलं नव्हतं, तुम्ही मांडलंत. सेहेरमध्येही सगळ्यात ठळक बदल दिसला तो शाळेच्या वातावरणातच.

उरलेलं. पोर एकट्यानं बोलायला आलं तर काय करायचं, हे आम्ही शिक्षकांना असं सांगतो: सल्ला देऊ नका. अडचण त्याच्याच तोंडून नेमकी करून घ्या. "सगळंच बिघडलंय" यावर काही करता येत नाही. "आजी रात्री खोकते म्हणून झोप होत नाही आणि सकाळी गणिताच्या तासाला डुलक्या येतात" यावर करता येतं. मग त्यालाच विचारा, काय काय करून बघता येईल. त्यातलं एक तो निवडेल. आठवड्यानं पुन्हा बोलायचं. दिल्लीच्या सरकारी शाळांत 'संगत'नंच याच धर्तीवर काम केलंय, छोट्या चित्रपुस्तिका देऊन. यात औषध नाही, निदान नाही, आणि बऱ्याच पोरांना एवढंच लागतं.

ज्यांना जास्त लागतं त्यांची चिन्हं वेगळी. जेवण-झोप पार बदललीय, आवडीच्या गोष्टी सोडल्यात, वस्तू वाटून टाकतोय, जगण्यात अर्थ नाही असं बोलतोय किंवा वहीत लिहितोय. तिथं आठवडाभर थांबायचं नाही. "तुझ्या मनात मरणाचा विचार येतो का?" असं सरळ आणि शांतपणे विचारा. विचारल्यानं तो विचार मनात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात आणा. गावातून १४४१६ लावा, हा टेली-मानस. चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, अंबाजोगाईला स्वाराती वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. मनोरुग्णालय म्हटलं की लोकांना येरवडा आठवतो आणि तिथंच सगळं अडतं. ओपीडीत येऊन तासाभरात घरी जाता येतं, हे पालकांना आधी सांगा.

---

डोंगरची_आशा | मंगळवार, सकाळी ११:१५

मी आशा हाय, परभणी जिल्हा. मोबाइलवर लिवते, चुका समजून घ्या.

आमच्याकडं शेतकऱ्याच्या घरासाठी 'प्रेरणा' प्रकल्प हाय २०१५ पासून. मराठवाड्याचे आठी जिल्हे त्यात हायेत. घरोघर जाऊन झोप येती का, जेवण जातं का, कशात मन लागतं का, आसं इचारून लिवायचं. १०४ हा मदतीचा नंबर सांगायचा. म्या बापाला इचारते, तवा लेकरू उंबऱ्यात बसून ऐकत असतंय. त्याला कोन इचारनार? फारमात त्याचा रकानाच न्हाई. बापावर सावकाराचं किती हाय ते बापापेक्षा लेकराला जास्त पाठ ऱ्हातंय.

दुसरं पोरींचं. तुमी मनाचा तास घ्या, चांगलंच हाय. पर आठवी-नववीच्या पोरीला दिवाळीच्या टायमाला खरं टेन्शन एकच. मायबाप ऊसाला जायच्या आधी आपलं लगीन उरकतेत का काय. घरात जवान पोरगी एकटी ठेवायची कशी, म्हणून लावून देतेत. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता मिळतो, उचल म्हंजी मुकादमाचा आगाऊ पैसा जास्त येतो, ते निराळंच. सरकारच्याच पाहणीत परभणीत १८ च्या आत लगीन झालेल्या १०० त ४८ निघाल्या, बीडात ४३ च्या वर. पोरगी वर्गात गप बसली तर तिला डिप्रेशन म्हणू नका आधी. घरी पाव्हणे येऊन गेलेत का इचारा. लेकरांच्या मदतीचा १०९८ फिरवा.

तिसरं, गावात 'साथिया' पोरं-पोरी असतेत किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाची, दोन पोरं दोन पोरी. लई शाळांना ती म्हाईतच न्हाईत. आमच्या गावची साथिया पोरगी बारावी झालेली हाय, शाळेत बोलवा म्हनून म्या स्वता सरला सांगितलं. ग्रामीण रुग्णालयात 'मैत्री' क्लिनिक हाय ते बी पोरांला कुनी सांगत न्हाई.

---

टपोरा_मोगरा | मंगळवार, सकाळी ११:४०

आशाताई, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा. +१००

---

जुना_वाघ | मंगळवार, दुपारी १२:३०

आशाबाईंचं पटलं. ते कोर्ट आणि इंग्लंड मला नको, हे समजतं. आमच्या वर्गातून मधेच गळालेले कोण, हा प्रश्न मात्र काल रात्री डोक्यात राहिला. दोन नावं आठवली. असो.

तरी माझं म्हणणं शिल्लक आहे. घरी उचल फिटली नाही म्हणून पोराला झोप येत नसेल, तर तुमची पेटी नि गप्पा काय करणार? कर्ज फेडणार का?

---

सेवानिवृत्त_केंद्रप्रमुख | मंगळवार, दुपारी ३:००

नाही फेडणार. आणि कुणी समुपदेशनाच्या नावाखाली "सकारात्मक विचार कर" असं त्या पोराला सांगत असेल तर मी वाघसाहेबांच्या बाजूला उभा राहीन. पण घरच्या कर्जाची काळजी एकट्यानं वाहणं आणि कुणाला तरी माहीत असणं, यात त्या वयाला फार अंतर असतं. शिवाय माहीत झालं की साध्या गोष्टी होतात. वसतिगृहाचा अर्ज, बाल संगोपनाचा अर्ज, परीक्षा फीची माफी. अर्धं समुपदेशन अर्ज भरण्यातच असतं.

---

मेडिकलचा_दुसरा_वर्ष | मंगळवार, रात्री ११:५०

विद्यार्थ्यांकडून कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. जालना जिल्ह्यातलं गाव, नंतर नांदेडला दोन वर्षं क्लास, आता एमबीबीएस. आमच्या बोर्डिंगच्या शाळेत समुपदेशक होत्या. चांगल्या होत्या. त्यांची खोली मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून होती, मधे काचेचं दार. जो आत जाईल तो संध्याकाळपर्यंत अख्ख्या होस्टेलला माहीत. "याचा स्क्रू ढिला" असं वर्षभर ऐकावं लागायचं. मी एकदाही गेलो नाही.

नंतर त्यांनी एक बदल केला. दर शनिवारी ग्रंथालयात बसायला लागल्या, पुस्तकं बदलून द्यायच्या. पुस्तक बदलायला सगळेच जातात. माझं पहिलं बोलणं तिथं झालं, पुस्तकाच्या कार्डावर सही करता करता. घरी फोन करायची परवानगी पंधरा दिवसांतून एकदा होती, ती आठवड्यातून एकदा झाली, तीही त्यांच्यामुळं. मला विचाराल तर कुठल्याही सेशनपेक्षा त्या फोनचा फायदा जास्त झाला.

अजून एक. मुलग्यांना गाठायचं असेल तर खेळाच्या सरांना सामील करा. आमच्यात मुलगे "बाई, मला उदास वाटतं" असं कधीच म्हणणार नाहीत. "सर, खेळावं वाटत नाही" असं म्हणतात. तेच असतं ते.

---

वकीलसाहेबा | बुधवार, सकाळी ९:२५

एक कायद्याचा मुद्दा, कारण पेटी ठेवली की तो येणारच. पोरांना "तू सांगितलेलं कुणालाही सांगणार नाही" असं वचन देऊ नका. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायदा, २०१२, कलम १९ प्रमाणं ते पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. शिक्षकही त्यात आले. शाळेची बदनामी नको म्हणून दाबलं तर दाबणाऱ्यावर गुन्हा. पहिल्याच दिवशी पोरांना साध्या भाषेत सांगा: "तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला मोठ्या माणसांची मदत घ्यावी लागेल. बाकी सगळं आपल्यात." पोरांना हे कळतं, आणि आधी सांगितलं तर विश्वास तुटत नाही.

आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम ११५: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही. अजूनही काही शाळा अशा पोराच्या हातात दाखला ठेवून मोकळ्या होतात. पालकांनी हे कलम दाखवावं.

शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, २०२२ चा शासन निर्णय आहे. बहुतेक ठिकाणी ती भिंतीवरच्या फलकावर असते. घाटावरची ताई, तीच जागी करा. नवीन समिती काढायची गरज नाही.

---

बिंदुसरा | बुधवार, दुपारी २:१०

सगळे बोलताय पण एक विषय टाळताय. बीडमध्ये गेल्या काही वर्षांत आरक्षणावरून जे वातावरण झालं ते पोरांच्या वर्गात शिरलंय. आडनाव बघून डबा वाटून खायचा की नाही ठरतं. मोबाइलवरच्या स्टेटसवरून भांडणं. माझी मुलगी सातवीपासूनच्या मैत्रिणीशी बोलत नाही. विचारलं तर म्हणते, "ती त्यांच्यातली आहे." यावर कोणता तास घेणार?

---

घाटावरची | बुधवार, रात्री ९:४५

@बिंदुसरा, टाळत नाहीये. माझ्याही वर्गात आहे, आणि शिक्षकांच्या खोलीतही आहे, म्हणून जास्त अवघड. केंद्रप्रमुख सरांनी सांगितलेली जोड्यांची पद्धत मी यासाठीच उचलणार आहे. जोड्या चिठ्ठ्या काढून, दर आठवड्याला बदलत्या. भाषण देणार नाही. भाषणं पोरांनी माझ्यापेक्षा मोठ्या माणसांची ऐकलीत.

धाग्यावरून मी काय ठरवलंय ते लिहिते, चुकत असेल तर थांबवा. शुक्रवारचा शेवटचा तास, नाव "गप्पांचा तास". व्याख्यान नाही, गोलात बसून. पेटी लावतेय, पण कार्यालयापाशी नको, पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीला, जिथं सगळेच जातात. उघडणार मी आणि खेळाचे सर, दोघं मिळून. एकट्यानं बोलायचं काम मात्र माझ्याकडं ठेवत नाही. गावात समाजकार्याची पदवी घेतलेली एक मुलगी आहे, सध्या घरी बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिनं आठवड्यातून दोन दिवस ग्रंथालयात बसायचं. मानधनाचा विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढं ठेवतेय. लोकवर्गणीतून निघेल असं अध्यक्ष म्हणाले. म्हणाले म्हणजे नाही म्हणाले नाहीत. कारखान्यावरच्या पालकांना रविवारी व्हिडिओ कॉल लावून द्यायचा, शाळेच्या टॅबवरून. टोळीला रविवार असतोच असं नाही, म्हणून वेळ मुकादमाकडून काढून घ्यावी लागेल. १४४१६ आणि १०९८ ठळक रंगवून घेतेय.

@ओपीडी_नंबर_सात, त्या मुलीला दोन दिवस तुमच्यासारख्या कुणाच्या हाताखाली बसवता येईल का? आमच्या जिल्ह्यातल्या रुग्णालयात रीतसर पत्र कुणाच्या नावे द्यायचं?

@गंजगोलाई, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडं उत्तर नाही. तुमच्या मुलाला भेटायला कोण जातं?

---

गंजगोलाई | बुधवार, रात्री १०:२०

दर गुरुवारी मीच जाते हो, डबा घेऊन. आमच्या मेसच्या मावशींना मी १४४१६ लिहून दिलाय आणि सांगितलंय, कोणाचं ताट दोन दिवस परत आलं तर मला नाहीतर त्याच्या घरी फोन करा. तिथल्या दहा-बारा पालकांचा ग्रुप केलाय. बॅचेसवर मिळून अर्ज द्यायचा म्हणतोय. वकीलसाहेबा, मसुदा बघाल का?

---

वकीलसाहेबा | बुधवार, रात्री १०:३५

पाठवा. पालकांच्या सह्या जितक्या जास्त तितकं बरं, एकट्याचं नाव पुढं करू नका.

---

ओपीडी_नंबर_सात | गुरुवार, सकाळी ७:५०

पत्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे द्या, विषयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम लिहा आणि प्रत मनोविकार विभागाला. मुख्याध्यापकांची सही हवीच. पेटीतल्या चिठ्ठ्यांची नोंद ठेवायला मराठी नमुना आहे माझ्याकडं, मुलाचं नाव न लिहिता कशी ठेवायची तो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.